भिवरामावशींचं मत

नेकनूर,
३ डिसेंबर

आदरणीय शहादेवमामांना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. आईची कंबर धरलीय, पण थंडीत ती दरवर्षीच धरते. मामींना नमस्कार सांगा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितेय.

शाळा समितीचे अध्यक्ष झालात, त्या सत्काराला मी का आले नाही, असं आईला विचारलंत म्हणे. मी हेडसरांना विचारायला शाळेत गेले होते. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं हंगामात जिथं राहतात, त्या आपल्या वसतिगृहात. इतकी वर्षं तिथं भिवरामावशी स्वयंपाक करायच्या. मुंबईत सरकार बदललं आणि आपल्या गावात त्याचा पहिला हुकूम निघाला, तो त्यांना काढण्याचा. कारण काय, तर त्यांचा लखन जुन्या आमदारांची गाडी चालवतो.

मामा, प्रचारात बायकांच्या बैठका मी घेतल्या. पोरगी बी.ए. झालीय म्हणून तुम्हीच मला पुढं केलंत. मी प्रत्येक बैठकीत सांगितलं की मत गुप्त असतं. त्या पुठ्ठ्याच्या आड तुम्ही एकट्या असता. नवरा, पोरगा, मुकादम, कुणालाच कळत नाही. मतदानाच्या दिवशी भिवरामावशी मला हातपंपावर भेटल्या. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "दिलं गं तुझ्या मानसाला. लखनला कळलं तर घरात घ्यायचा न्हाई." हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही खूश झाला होतात.

आणि त्यांना काढल्यावर मी फोन केला, तर म्हणालात, "तिनं आपल्यालाच दिलं, ह्याचा पुरावा काय हाय?"

ते वाक्य मला अजून गिळवत नाही. जुने लोक मत बघून टँकर पाठवायचे, मत बघून घरकुल द्यायचे. त्याविरुद्धच आपण गावोगाव घसा कोरडा केला ना? मग बदललं काय? गाडीवरचा झेंडा? हरलेले सूड घेतील म्हणून मी बायकांना धीर देत होते. जिंकलेले घेतील, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

मावशींना म्हटलं, मी शाळा समितीपुढं उभी राहून सांगते. त्यांनी माझा हात धरला. "सांगू नकू. भाकरीसाठी न्हाई दिलं मी. माझं मत माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." त्या शांत होत्या. मला ते जमत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते, ते लिहिते. त्यांच्या जागी तुम्ही आईला लावलंत. मावशी थकल्या, त्यांनी आपणहून काम सोडलं, असं सांगून. आईला वाटलं, भावानं भाऊबीज घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती हंगामात कोयता न घेता घरी होती. पगार येईल म्हणून अण्णांनी मुकादमाला नाही म्हटलं होतं. पहिल्या दिवशी ती कामावरून हसत घरी आली, आणि मी गप्प बसले. मी गप्प बसेन हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर तिला लावलंत.

काल तिला सगळं सांगितलं, फक्त मताचं सोडून. तिनं हातातली पळी खाली ठेवली. म्हणाली, "शहादेवला म्हणावं, बहिणीला द्यायचं तर सोताच्या ताटातलं दे. दुसरीच्या चुलीवरचं कावून?" आज सकाळी तिनं स्वयंपाकघराची किल्ली हेडसरांकडं दिली.

अण्णांनी मुकादमाला पुन्हा हो म्हटलंय. सोमवारी टोळी माजलगावला निघते. कोयत्याला जोडी लागते, एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या वाहायच्या, आणि आईला आता मोळी उचलवणार नाही. तिच्या जागी मी जातेय. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हाला लाज वाटावी म्हणून जात नाही, असं लिहिणार होते. पण वाटली तर वाटू द्या.

वसतिगृहातल्या पोरांना उद्याही भूक लागणार आहे. भिवरामावशींना परत कामावर बोलवा. लोकांना कारण काहीही सांगा, ते तुम्हाला जमतं. फक्त त्यांचं मत तेवढं तोंडातून काढू नका.

मला उत्तर लिहू नका. मावशींच्या घरी जाऊन त्यांना मानानं कामावर घेऊन या, तेच उत्तर मला पोहोचेल.

अजून तरी तुमचीच भाची,
स्वप्नाली