चारशे हाका

सोमवार, ४ मार्च
मोठ्या डॉक्टरांनी माझा आलेख नीट पाहिलासुद्धा नाही! चष्मा न लावताच म्हणाले, "वायरींचा गोंधळ आहे हा." पंधरा वर्षं मी मेंदूच्या लहरी टिपायला लोकांच्या डोक्यांना तारा चिकटवतेय — मला शिकवणार!

शिंपीणबाई जिन्यावरून पडल्या त्याला पाच महिने झाले. उघड्या डोळ्यांनी पडून असतात, बोटही हलत नाही. नवऱ्याने मारलेली हाक रेकॉर्ड केली, कानात यंत्रातून आवाज नेणाऱ्या नळ्या घातल्या आणि चारशेदा ऐकवली. एका हाकेत काही कळत नाही, मेंदूच्या गजबजाटात सगळं बुडतं. पण चारशे तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढली की गजबज आपोआप मिटते, हाकेला दिलेला ओ तेवढा उरतो. उरला! स्वच्छ लहर!

मंगळवार, ५
पुन्हा केलं. तीच लहर. डॉक्टर म्हणे, चार दिवस रजा घ्या.

गुरुवार, ७
मूग गिळून किती बसायचं? बाईंच्या नवऱ्याला सांगून टाकलं. बसकंडक्टर आहेत, ड्यूटी संपली की गणवेशातच येऊन तिच्या उशाशी बसतात. म्हटलं, तुमची हाक त्यांना पोचते. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

शुक्रवार, ८
कंडक्टरांनी राजीनामा दिला. आता दिवसभर तिच्याशी बोलत बसणार. मुलगी येऊन रडली, बाबांना थांबवा म्हणाली. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत मला झापलं — तोंडाला आवर घाला म्हणे. ज्यांनी त्या बाईला एकदाही नावाने हाक मारली नाही, ते मला सांगणार!

उद्या पुरावाच देते. नळ्या चिमट्याने बंद करायच्या, बाकी सगळं तसंच. कानात आवाज नाही, म्हणजे लहर नाही. मग बोला म्हणावं, वायरींचा गोंधळ!

शनिवार, ९
चिमटे लावले. कानात शब्दही गेला नाही.
लहर आली. तशीच, त्याच जागी.
नळ्यांच्या यंत्रातला करंट माझ्या तारांत शिरत होता. दर हाकेला, नेमक्या त्याच क्षणी — म्हणून सरासरीत मिटला नाही. तारा मीच लावल्या होत्या.

रविवार, १०
पलंगाशी जाऊन कंडक्टरांना सगळं सांगितलं, माझी चूक झाली म्हटलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हळू बोला, ताई. तिला ऐकू जाईल."