शिवणीतली माया

प्रिय दादा,

तू सैल करून पाठवलेली गणवेशाची पँट काल मिळाली. काम नेहमीसारखंच बेमालूम. कंबर पुन्हा उसवली आहे हे बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, तू होतीस तश्शीच आहेस. दिवसभर तक्रारींचे फोन घेणाऱ्या बायका आम्ही, गोड खोटं बोलायची सवयच लागलेली. पण वजनकाटा सैल करून द्यायला तुझ्यासारखा भाऊ नाही ना.

सोमवारी दवाखान्यात वजन केलं. उतरायचं सोडून वाढलंय. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं की तुमची किडनी लेकीला जुळते हे नशीब, पण एवढ्या वजनावर ती काढणं तुमच्याच जिवावर बेतेल. पुढच्या तपासणीपर्यंत उतरलं नाही तर दुसरा कुणी दाता मिळेपर्यंत तिनं रांगेत थांबायचं. तिच्या बाबांचा रक्तगट जुळत नाही, तुला साखर. उरले मी. आणि माझ्या लेकीच्या आड कोण आलं, तर माझंच पोट. हसू येतं रे.

तू म्हणशील, एवढं कळतं तर तोंडाला कुलूप का घालत नाहीस? घातलं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी, लेक त्यांना काकडीबाई म्हणते, त्यांनी उपाशी राहू नका असं बजावूनही घातलं. दिवसभर उपाशी राहायचं, आणि संध्याकाळी लेकीला डायलिसिसहून आणून आडवं केलं की ओट्याशी उभ्यानंच सुरू. पाव, गार भात, तिनं ताटात टाकलेलं, हाताला लागेल ते. भूक नसते. चवही कळत नाही. पोट दुखेपर्यंत खात राहिलं की तेवढा वेळ भीती गप्प बसते. मग स्वतःची किळस येते, आणि ती गिळायला पुन्हा डबा उघडते.

परवा बिस्किटांचा पुडा घेऊन बाथरूममध्ये बसले होते. बाहेरून लेक म्हणाली, आई, बाहेर येऊन खा ना, मी काही म्हणणार नाही. पाण्याचा घोटसुद्धा मोजून पिणारी पोर ती, आणि मला समजून घेत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशी काकडीबाईंना सगळं सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उपास आधी बंद करा, सकाळी नीट न्याहारी करा. उभ्यानं काही खायचं नाही; बसायचं आणि स्वतःला विचारायचं, ही भूक कसली? मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, लहानपणी रडलात की घरात काय म्हणायचे? आणि मला तुझा आवाज ऐकू आला. आधी खा, मग रड.

आई गेली तेव्हा तू तरी केवढासा होतास! शिंपीमास्तरांच्या दुकानात काजं-बटणं करून यायचास, आणि खिशात माझ्यासाठी काहीतरी असायचंच. मी भोकाड पसरलं की तोंडात घास. माझं रडं थांबवायला तुझ्याकडे दुसरं होतं काय? तुला बोल लावत नाही रे, त्या घासांवरच वाढले मी. पण खाऊन झालं की रडायचं राहूनच जायचं. लेकीच्या किडन्या गेल्याचं कळलं त्या दिवशीही मी रडले नाही. घरी येऊन जेवले.

आज पहिल्यांदा आधी रडले. खुर्चीवर बसून, चांगला हंबरडा फोडून. लेक घाबरून आली, मग तीही रडायला लागली. नंतर दोघी टेबलाशी बसून जेवलो. एकदा वाढलं तेवढंच घेतलं आणि उठले. एका जेवणानं काय होतंय, म्हणा. उद्या संध्याकाळी तो ओटा तिथेच असणार आहे. मला फार भीती वाटते, दादा.

म्हणून पँट परत पाठवते आहे. ह्या खेपेला उसवलीस तेवढी पुन्हा आत घे आणि उरलेलं कापड कापून टाक. पुढे वाढवता यावं म्हणून शिवणीत जे कापड राखतात त्याला तुम्ही शिंपी लोक माया म्हणता. आपली चिंधी वाढणार, तिला काही कमी पडू नये, म्हणून तू माझ्या प्रत्येक कपड्यात दोन बोटं जास्तच माया सोडत आलास. आता सोडू नकोस. आणि रोज संध्याकाळी फोन कर. जेवलीस का, असं विचारू नकोस. मी रडायला लागले तर आधी खा म्हणू नकोस. फोन ठेवू नकोस फक्त.

तुझीच,
चिंधी