माईकवरचा श्वास

४ डिसेंबर
पहाटे टेम्पोत वांगी-सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरत होतो, अकोल्याच्या बाजाराचा माल. ओट्यावर बायको, शोभा, खोकली. माझे कान तिखट. गिऱ्हाइकाच्या 'नको'तला 'हो' ऐकत भाजीच्या धंद्यात सायकलवरून टेम्पोवर आलो. हा खोकला थंडीचा नाही, धुराचा. दारोदार कचऱ्याचे ढीग पेटलेले. अंगण झाडलं की काडी लावायचीच, नाहीतर झाडल्यासारखं वाटत नाही आपल्या लोकांना. पूर्वी पालापाचोळा असे. आता प्लास्टिकच्या पन्न्या, पुड्या, डायपर.

६ डिसेंबर
शो.ला अकोल्याला दाखवलं. डॉक्टर तरुण, गमत्या. "काका, तुम्हीच ऐका." नळी माझ्या कानात, टोक तिच्या पाठीवर. बापरे! आत कुणी वाळलेल्या तुरीच्या शेंगा हलवतंय. तरी श्वास आत जातोच, परत येतोच. एवढा संसार केला, आणि हे कधी...
डॉ. म्हणे, तोंडानं ओढायचा औषधाचा पंप देतो, पण धूर नाही थांबला तर पुढचा हिवाळा... वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही.

९ डिसेंबर
शेजारी नामदेव, भला माणूस. सांगून पाहिलं.
"दादा, म्हशीले डास फोडून खातेत. धुरी नाही केली तं दूध चोरते ते. तुमी देसान काय दूध?"
"मंग निंबाचा पाला जाळ ना बाबू, पन्नी काहून?"
"पन्नीनं झटकन पेटते ना जी!"
आतून शो.चं हसू ऐकू आलं. मग खोकला.

१५ डिसेंबर
ग्रामसभा. कचरा जाळण्यावर बंदीचा विषय मीच घ्यायला लावला. बोललोही बाजारात बोलतो तसा: रोज घंटागाडी, ओला कचरा खड्ड्यात, जाळील त्याला दंड. मागून एक जण, "तुमच्या टेम्पोतून काय अत्तर निंघते काय, शेठ?" सभा हसली. मीही. खरंच होतं ते. विषय बुडाला म्हटलं.
तर बायांमधून शो. उठली. मला काही सांगितलेलं नव्हतं. माईक धरला. "बायांनो, मी..." आणि दम लागला. माईक तोंडाशीच. भोंग्यातून तो श्वास देवळापर्यंत, स्टँडपर्यंत. नळीतून एकट्यानं ऐकलेला, आता साऱ्या गावानं. धावायला पाहिजे होतं मी. ऐकतच राहिलो. एवढा मोठा आवाज जन्मात ऐकला नाही.
शेवटी म्हणाली, "इतलंच सांगाचं होतं."
ठराव पास. नामदेवचाही हात वर. अर्धा.

१६ डिसेंबर
पहाट धुतल्यासारखी. उत्तरेला सातपुडा उभा, झाडन्‌झाड मोजून घ्यावं असा. शो. पाहतच राहिली.
"इतका जवळ होता काय जी हा?"


२ जानेवारी
शो.चा पंप आता क्वचित लागतो. पण घंटागाडी बरेच दिवस आलेली नाही. ड्रायव्हर लग्नाला गेला म्हणतात. ढीग वाढून राहिलेत.
संध्याकाळी नामदेवच्या गोठ्याकडून काडी ओढल्याचा आवाज. विझली असावी, परत ओढली. मी उठलो, तर शो.नं मनगट धरलं.
"तुमी बसा. तुमी गेले का भांडन होते."
शाल घेऊन गेली. हे लिहितोय आणि ती त्याच्या कुंपणाशी उभी आहे. बोलत काहीच नाही. तिचा श्वास मला इथवर ऐकू येतो. त्याला तर येतच असेल.
तिसरी काडी ओढल्याचा आवाज अजून आलेला नाही.