पोळ्याचं आवतन

बाबा,

तुमच्या अन् आईच्या पाया पडतो. ट्रेनिंगमध्ये मोबाईल जमा आहे, म्हणून लिहून राहिलो.

मी मजेत आहो. जेवण पोटभर भेटते. फायरिंगमध्ये बंदुकीच्या धक्क्यानं खांदा थोडा सुजला, पण आईले सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

काल पोळ्याची आदली सांज. तुमी आपल्या बांड्या बैलाची खांद हळद-लोण्यानं शेकली असान. इथं अकोटच्या गोपालनं मेसमधून हळद-तूप आणून माह्या खांद्याले चोळलं, अन् तुमी बैलाले म्हणता तेच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सारे हसले. मी बी हसलो.

आज पोळा. सुट्टी नाही. आवतन तर घेतलं बाबा, पण जेवाले कसा येऊ? माह्या वाटची पुरणपोळी बांड्याले चारली असान, तर बरं केलं.

तुमचा,
प्रफुल