रामकिशनची पाचवी फीत

मी, केरबा सटवाजी सोनकांबळे, वय अंदाजे सत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार मौजे पिंपळडोह, तालुका उदगीर, जिल्हा लातूर (नवा झालेला, स्टॅम्पवाल्याच्या हातून अजून उस्मानाबादच लिहून जातंय), हे मृत्युपत्र शुद्धीत सांगून लिहून घेतो. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही, तशी कुणाची बिशादही नाही.

१. राहतं घर मुलगी पंचशीला हिला. पत्नी कोंडाबाई हयात असेतोवर तिथंच राहील. भावकीतला कुणी 'पोरीला कशाला' म्हणालाच, तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावावं.

२. करणी, ओळंबा, गुण्या ही हत्यारंही पंचशीलालाच. माझी पाणसळ शेजारच्या गुरुपादप्पानं सहा वर्षांपूर्वी 'आत्ता देतो' म्हणून नेली. ती मागून आणावी, आणि मागताना त्याचा चहा पिऊ नये.

३. मुलगा रामकिशन, फौजेत शिपाई, सत्त्याहत्तर साली डोंगरात गाडी दरीत कोसळून वारला. त्याची ट्रंक घरी आली. वर्दीवर छातीच्या पट्टीला पदकांच्या पाच रंगीत फिती होत्या. उदगीरच्या एका पेन्शनर सुभेदारांनी चार ओळखल्या. पाचवी पांढरी, मधे लाल पट्टा. "ही आपल्याला ठाऊक न्हाई," म्हणाले.

मला वाटलं, पोरानं शान मारायला बाजारातून घेऊन लावली. आमच्या वस्तीतला तो पहिला शिपाई. उद्या गावानं म्हणायला नको, की यांची पदकंही खोटी. म्हणून मी ब्लेडनं ती फीत उसवली. चार फितींची पट्टी तेवढी भिंतीवर लावली. पोराबद्दल माझं मन आधीच कडू झालं होतं, ते का, ते पुढं सांगतो.

४. दुष्काळात, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तो रजेवर आला होता. बांधकामं बंद होती, म्हणून मी तलावाच्या सरकारी कामावर खडी फोडायला जात होतो. तो म्हणाला, "बा, मी बी येतो." डाव्या खांद्यावर पाटी घेतली अन् दहा पावलांवर टाकली. पुन्हा घेतली, पुन्हा टाकली. मी चाळीस माणसांपुढं ओरडलो, "बांगड्या भर हातात! सरकारचं फुकट खाऊन कामचोर झालास!" तो पाटी उजव्या खांद्यावर घेऊन दिवस मावळेपर्यंत राबला. रजा आठ दिवस उरली होती, तरी तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर घरी आली ती त्याची ट्रंकच.

५. गेल्या दिवाळीनंतर पोराच्या फौजेच्या कागदांवरचा जिल्हा बदलायला लातूरच्या सैनिक कार्यालयात गेलो. फीत रुमालात बांधून नेली. ती खोटी आहे असं एकदा साहेबाच्या तोंडून ऐकायचं होतं, असला माझा खवचट स्वभाव. कारकुनानं रंगीत तक्ता काढला, त्यावर फीत ठेवली. म्हणाला, "बाबा, ही लढाईत जखमी झालेल्याला देतात. तुमच्याच कागदात लिहिलंय की. डिसेंबर एकाहत्तर, डावा खांदा." ते इंग्रजी कागद पाच वर्षं माझ्याच घरात, त्याच्या ट्रंकेत होते.

घरी येऊन कोंडाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं. त्याच्या खांद्याला तेल मीच लावत होते. बाला कळलं तर परत जाऊ देणार न्हाई म्हनून शपथ घातली होती त्यानं."

"अन् तो गेल्यावर?"

"गेल्यावर सांगून तुमाला बी मारू का?"

हे लिहून घेणारे अर्जनवीस म्हणतात, मृत्युपत्रात असलं लिहीत नसतात. मी म्हणालो, लिहा, मुकाट्यानं लिहा.

६. पाचवी फीत पंचशीलानं पट्टीवर तिच्या जागी शिवावी. मी गेल्यावर माझ्या जलदान विधीच्या दिवशी पट्टी लोकांसमोर ठेवून कलम चार आणि पाच मोठ्यानं वाचावं, माझ्या शब्दांसकट. बोललो गावासमोर, तर माफीही गावासमोरच मागायची. रामकिशन, लेकरा, चुकलो रे. लई चुकलो.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

उदगीर, दिनांक ९ मार्च १९८३.
केरबा सटवाजी सोनकांबळे, निशाणी अंगठा.

साक्षीदार:
१. चन्नबसप्पा विरूपाक्ष स्वामी, किराणा दुकानदार. सही.
२. शेषेराव व्यंकटराव पाटील, तलावाच्या कामावरचा तेव्हाचा मुकादम. त्या चाळीसांत मी होतो. हसलो होतो. सही.