अक्काची एकवीस अंडी

२ ऑक्टोबर, दसरा
आजपासून ही वही. शास्त्रीय कामाची नोंद ठेवावी लागते. अंबडला कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला, लॉगबुक एक दिवस चुकलं नाही. (शनिवारी आठवड्याचं एकदम भरायचो, तो भाग वेगळा.)

गच्चीवरच्या खोलीत सोलर इन्क्युबेटर तयार. जुन्या फ्रिजचा सांगाडा, आत तांब्याची नळी, नळीत गच्चीवरच्या सोलर हीटरचं गरम पाणी. लाइट नको, रॉकेल नको. मशीनला झेंडूचा हार घातला आणि सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकवीस अंडी आत ठेवली. एकविसाव्या दिवशी भाऊबीज. हा योगायोग नाही, प्लॅनिंग आहे.

अंडी अक्काची. कुसाबाई, माझी थोरली बहीण, वणीच्या अलीकडे राहते. दाजी गेल्यापासून एकटीच. गेल्या महिन्यात मानमोडीची साथ आली आणि आठवड्यात तिच्या सगळ्या कोंबड्या मेल्या. उरला तांबडा कोंबडा आणि मरायच्या आधी कोंबड्यांनी घातलेली ही अंडी. लग्नात आईने तिला पाटीत घालून एक कोंबडी दिली होती. तिचाच हा वाण, बेचाळीस वर्षं चालत आलेला. आता हा गेला की गेला.

अक्का अंडी शेजारच्या मंगलाबाईंच्या खुडूक कोंबडीखाली बसवणार होती. मी मोडता घातला. या काळात कोंबडीच्या लहरीवर कोण राहतं? अक्काने पाटीत पेंढा घालून अंडी दिली आणि रस्त्याला खड्डे आहेत, पाटी मांडीवर धर, एवढंच म्हणाली.

३ ऑक्टोबर
घरात नियम जाहीर. एकवीस दिवस सोलरचं पाणी फक्त अंड्यांना. बाथरूमचा कॉक बंद. अंघोळीचं पाणी आपण गॅसवर तापवायचं. उज्वलाने विचारलं, आपण म्हणजे कोण. बायकोला विज्ञानात रस नाही.

४ ऑक्टोबर
टेम्परेचर साडेसदतीस पाहिजे. काल दुपारी एक्केचाळीस. आज पहाटे चौतीस. सरासरी काढली. बरोब्बर साडेसदतीस.
उज्वला म्हणाली, अंड्यांना सरासरी कळते का. मी आकडा वहीत लिहिला.

५ ऑक्टोबर
उज्वलाचं म्हणणं, आत एक बल्ब लावा. हे म्हणजे उपास धरायचा आणि चोरून भजी खायची. बल्ब लावला तर सोलर कसलं? तत्त्वाचा प्रश्न आहे. तिला स्पष्ट सांगितलं, मशीनला वायर लागता कामा नये.

७ ऑक्टोबर
दुपारी झाकणाला काडी लावून फट ठेवली, अडतीसच्या वर गेलं नाही. आणि सकाळी सहाला बघतो तर सदतीस! कालही सदतीसच होतं. मशीन सेट झालं. डिझाइनमध्ये दम असला की यंत्र आपोआप वळणावर येतं.
उज्वला हल्ली पहाटे फार लवकर उठते. वयाप्रमाणे झोप कमी होते.

१० ऑक्टोबर
आज टेस्टिंग. खोली अंधारी करून प्रत्येक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. सतरा अंड्यांत जीव आहे! लाल दोऱ्यांचं जाळं आणि मध्ये एक काळा ठिपका, हलणारा. हलणारा! अंडं पडता पडता वाचलं. उज्वलाला हाका मारल्या. ती म्हणाली, मी परवाच पाहिलं.
अंडी दिवसातून तीनदा फिरवायची आहेत. सकाळचं मी बघतो. दुपारी जेवणानंतर डोळा लागतो, संध्याकाळी पेपर असतो. उज्वला फिरवत असावी.
अक्काला सांगायचं नाही. भाऊबीजेला ओवाळून झालं की तिच्या ताटात थेट पिल्लं ठेवायची. आईची पिल्लं.

१४ ऑक्टोबर
भविष्याचा विचार केला. आधी अक्काचं गाव, मग सगळा तालुका. नाव ठरलं: सूर्यकिरण हॅचरी. भाषणाचे मुद्दे काढून ठेवले.
अक्काचा फोन. कशी हायेत, एवढंच विचारलं. मी उष्णतेचं वहन दहा मिनिटं समजावलं. ती म्हणाली, कोंबडा एकटाच खुराड्यात शिरतो आणि दिवे लागेपर्यंत कोंबड्यांना हाका मारतो. मी म्हटलं, थोडे दिवस.

१९ ऑक्टोबर
राज आणि सूनबाई पुण्याहून आले. राजला मशीन दाखवलं. तो मोबाइल बघत हो हो म्हणाला.
चकल्या तळता तळता सिलिंडर संपला. दुसरा आधीच रिकामा. आता नवा येणार पाडव्याला. दोन माणसांच्या घरात एवढा गॅस जातो कुठे? उज्वलाशी काटकसरीबद्दल बोलायला हवं. सणानंतर बोलेन.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी
पहाटे साडेचारला उठलो. उटणं लावून बसलो आणि मग लक्षात आलं, पाणी तापवायला गॅस नाही. वर्षाचा सण. सूनबाईंना गार पाणी कसं द्यायचं? केवळ त्यांच्यासाठी बाथरूमचा कॉक उघडला. पाणी कसं आलंय ते बघायला आधी मी बसलो. तीन बादल्या घेतल्या. उटणं लवकर निघत नाही.
मग राज. सूनबाईंच्या वेळेला पाणी कोमट झालं होतं. उज्वलाने अंघोळ केलीच नाही. गच्चीवर गेली आणि खाली येऊन म्हणाली, तुम्ही टाकी रिकामी केलीत.
म्हटलं, दोन तासांत ऊन येईल.

सकाळी ११
ऊन नाही. आभाळ भरून आलंय. मशीनमध्ये एकोणतीस.
कोंबडीसुद्धा चरायला उठतेच की. अंडी थोडा गारवा सोसतात.
राजही म्हणाला, बल्ब लावा. हवामान खात्याचा अंदाज बघून ठरवू, असं सांगितलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सव्वीस. दिवसभर भुरभुर पाऊस. दिवाळीत पाऊस ही काही माझी चूक नाही.
दुपारी वर गेलो तर मशीनभोवती गोधड्या आणि आत बल्ब. मी ओरडलो. उज्वला शांतपणे म्हणाली, "रोज पहाटे चारला पातेलंभर पाणी उकळून तुमच्या मशीनमध्ये ठेवत होते मी. गॅस त्यात संपला."
थोडीफार मदत झाली असेलही. पण मूळ उष्णता सूर्याचीच.
बल्ब राहू दिला. सणाचं भांडण नको.

२२ ऑक्टोबर, पाडवा
काल संध्याकाळी टॉर्च लावला होता. एकही हललं नाही. टॉर्चची बॅटरी कमी असावी.
आज एक अंडं फोडलं.
पिल्लू पूर्ण होतं. अंगावर ओली लव. चोच. पायाला नखं. डोळे मिटलेले. मग दुसरं फोडलं, मग सगळीच. सतरा. जन्माला तीन दिवस कमी पडले.
म्हणजे अठरा दिवस जगली होती. म्हणजे त्या अंघोळीपर्यंत.
मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो.
उज्वलाने आणि मी जास्वंदीखाली खड्डा केला. ती अक्काला फोन करा म्हणाली. खरं सांगा, असंही म्हणाली.

दुपारी २
अक्काचाच फोन आला. पाटीत नवा पेंढा भरलाय, पिल्लं न्यायला मी येऊ का तू आणतोस? खरं सांगणारच होतो. अगदी तोंडाशी आलं होतं. पण सणाचा दिवस, आणि म्हातारं माणूस. म्हटलं, अक्का, अंड्यांत मुळात जीवच नव्हता. तुझा कोंबडा म्हातारा झालाय, त्याच्यात आता राम नाही.
ती बरं म्हणाली.
यात कुणाचं नुकसान नाही. कोंबड्याला काय कळतंय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
उज्वला तिच्या भावाकडे, मी अक्काकडे. पिल्लांच्या जागी साडी नेली. अक्काने ओवाळलं. मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही. तू लय झटलास, एवढं म्हणाली.
अंगणात शांत होतं. खुराड्याचं दार उघडं. दाराशी तांबडी पिसं.
ताट आलं. भाकरी, रस्सा, कलेजी माझ्या वाटीत. मी अक्काकडे बघितलं.
"तूच म्हनला ना, त्याच्यात राम नाय," ती म्हणाली. "मग नुसतं ठिवून काय करू? सनाला भाऊ येतोय, म्हनलं कापू."
आताच सांगायचं, असं ठरवलं. पहिल्या घासाआधी. मग पहिल्या घासानंतर.
अक्का समोर बसून मी कसा जेवतो ते बघत होती. पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर असेल.
"सहादू," ती म्हणाली, "आईचं म्हनून आता तू तेवढा राह्यला."
हो म्हणालो. तिने रस्सा पुढे केला, तेव्हा आणखी एक वाटी घेतली.