वर फक्त खडक

संशोधन केंद्र, वरचं कुरण
१२ मे

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि रागही तेवढाच.

परवा तुझ्या वृक्षारोपण खात्याची वरात इथे येऊन गेली. शहरी बूट घातलेले पाच-सहा साहेब माझ्या कुरणात घोटाभर गवतात उभे राहिले, आणि त्यातल्या सगळ्यात जाड्याने ही जमीन पडीक असल्याचं जाहीर केलं. इथे झाडं लावली तर डोंगर हिरवा होईल, असंही म्हणाला. तो उभा होता ते गवत काय निळं होतं? मी विचारलं नाही. ज्याला झाडाखेरीज हिरवं काही दिसतच नाही, त्याच्यापुढे घसा कशाला कोरडा करू?

मग कळलं, की त्या फायलीवर माझ्या सख्ख्या भावाची सही आहे. लाज वाटली रे. लहानपणी पानांवरून झाडं ओळखायला मीच तुला शिकवलं. गवत शिकवायचं राहिलं बहुतेक. तर आता ऐक. ह्या गवताखाली हातभर जाडीची, काळी, भुसभुशीत माती आहे. ती हिवाळ्यातला बर्फ पिऊन ठेवते आणि उन्हाळाभर थेंबाथेंबाने तुमच्या नळांना पाणी सोडते. तिच्यात खड्डे खणले की ती वाळते, आणि इतकी वर्षं पोटात धरलेला कार्बन हवेत सोडून देते. त्यावर झाडांची सावली पडली की इथली बोटभर उंचीची फुलझाडं मेलीच. खालून ऊब चढते आहे, तशी ती बिचारी वर सरकत सरकत इथवर आली आहेत. आता ह्या कुरणाच्या वर फक्त खडक आहे. त्यांनी जायचं कुठे, ते तुझ्या जाड्या साहेबाला विचारून कळव.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिने तुझ्यात काय पाहिलं, देव जाणे.

शिल्लक आहे तेवढी माया तुझ्यावरच आहे,
ताई


मुख्य कार्यालय, दुसरा मजला
२१ मे

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हिने ते मोठ्याने वाचलं आणि तुझी भाची पोट धरून हसली. आता घरात मला सगळे ठोंब्याच म्हणतात, त्याबद्दल आभार.

पण जरा माझंही ऐकून घे. खालची जंगलं उन्हाने आणि किडीने सुकत चालली आहेत, आणि खात्याला झाडं कुठेतरी लावायचीच आहेत. ती वर लावायची कल्पना कुठून निघाली, ठाऊक आहे? तुझ्या अहवालातून. हवा तापते तशी जंगलाची वरची कड डोंगर चढते आहे, हे तुझं वाक्य फायलीच्या पहिल्याच पानावर आहे. साहेबांचं म्हणणं असं, की जंगलाला स्वतःहून वर जायचं आहे तर आपण त्याचा हात धरावा. ते वाक्य मीच त्यांना दाखवलं होतं, बहिणीचं कौतुक म्हणून. त्याच्या पुढचं पान कुणी उलटलं नाही. उलटलं असतं तरी काही कळलं नसतं, कारण माणसांना कळेल अशा भाषेत तू कधी लिहीतच नाहीस. वाचणारे सगळे गाढव, हे तुझं आधीच ठरलेलं असतं.

पुढच्या महिन्यात हरकतींची सुनावणी आहे. खाली ये. सभागृहात बसायला खुर्च्या आहेत आणि तिथली माणसं चावत नाहीत. त्या मातीबद्दल तुझ्याइतकं ठामपणे दुसरं कुणी बोलू शकत नाही. ये, ताई, खरंच ये.

तुझ्या शिव्यांसकट तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा


वरचं कुरण
२ जून

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

माझ्या वाक्याचा तुम्ही लावलेला अर्थ वाचून मी धन्य झाले. रोग्याचा ताप चढतो आहे असं डॉक्टरने लिहावं, आणि घरच्यांनी त्याच्या अंगावर आणखी चार रजया टाकाव्यात, तशी तुमची अक्कल.

सुनावणीला मी येणार नाही. गवतालाही जीव असतो, इथपासून ज्यांना शिकवायचं, त्यांच्यासाठी डोंगर उतरायची मला हौस नाही. गरजही नाही. ह्या उंचीवर बर्फाचं पांघरूण पडायच्या आधीच कडाक्याची थंडी येते. उघडी जमीन गोठते, फुगते, आणि नवं रोप मुळासकट बाहेर फेकून देते. तेव्हा लावा हवी तेवढी. हिवाळा संपला की काटक्या गोळा करायला या; खात्याचा फोटोवाला आणायला विसरू नका.

भाचीला पापा. तिला गवत शिकायचं असेल तर एकटीला पाठव, बापाला नको.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
ताई


मुख्य कार्यालय
२६ मे, पुढचं वर्ष

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल पाहणीसाठी वर आलो होतो. तुझ्या धुराड्यातून धूर निघत होता, पण दाराला आतून कडी होती. मी ठोठावलं. खिडकीचा पडदा हलला, तेवढीच आपली भेट.

रोपं जगली आहेत, तू पाहिलीच असशील. थोडीफार सोडली तर सगळी, प्रत्येकाला कोवळा शेंडा फुटलेला. यंदा जमीन फुगलीच नाही. साहेब खूश आहेत, आणि उरलेल्या कुरणाचा प्रस्तावही लगेच निघाला आहे.

थंडी कमी होत चालली आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं, ताई? त्या डोंगरावर बसून तापमान मोजण्यात आयुष्य कुणी काढलं? स्वतःच्या मोजमापांवर तुझा विश्वास नव्हता. आमच्या मूर्खपणावर मात्र इतका होता, की डोंगरसुद्धा तुझ्या बाजूने आम्हाला हसेल असं तू धरून चाललीस.

आणखी एक. सुनावणीची तारीख साहेबांची बोलणी खाऊन मी दोनदा पुढे ढकलली होती. जाणकाराची एक हरकत आली असती तरी फाईल परत पाठवता आली असती, आणि मला ती पाठवायची होती. तुझी पत्रं होती माझ्या खिशात. पण त्यात मातीबद्दल चार ओळी आणि बाकी सगळं आमच्या अकलेबद्दल. ती कुठल्या तोंडाने वाचून दाखवू? सुनावणी संपून शिपायाने सभागृहातले पंखे बंद केले तरी मी दाराकडे बघत बसलो होतो.

मला तुझा राग आला आहे. तरी पाया पडतो.
धाकटा


वरचं कुरण
४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पडदा मीच हलवला. दार उघडायला तोंड नव्हतं.

तुझं म्हणणं खरं आहे, आणि ते तुझ्याकडून ऐकावं लागलं ह्याचा भयंकर संताप येतो आहे. कुरण वाचावं, ह्यापेक्षा तुम्ही सगळे तोंडावर आपटावं, हे मला जास्त हवं होतं. पण तूही फार शहाणा समजू नकोस स्वतःला. फाईल परत पाठवायची होती तर तिच्यावर सही का केलीस? मी खडूस, आणि तू बहिणीच्या पदराआडून साहेबाला विरोध करणारा भित्रा. आईची दोन्ही लेकरं एकेक नग निघाली.

सोमवारपासून मी रोपं उपटते आहे. पहिलं हातात आलं तेव्हा त्याची पांढरी मुळं बघून रडू फुटलं. आयुष्यात जिवंत रोप कधी मारलं नव्हतं, आणि त्या पोराने माझं काय बिघडवलं होतं? रडून झाल्यावर दुसरं उपटलं. खात्याला कळव, ते तुझं कामच आहे.

उरलेल्या कुरणाची सुनावणी लागेल तेव्हा मी खाली येणार. खुर्चीवर बसेन आणि गवत म्हणजे काय इथपासून सांगेन, जाड्याला जाड्या न म्हणता. पण त्याआधी रोपं कुणी उपटली, हे तिथे विचारतीलच, आणि मी हात वर करेन. तेव्हा तू कुणाच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असशील, ते आधी कळव.

माया आहे ती आहेच. मान तुझ्या उत्तरावर ठरेल.
ताई